नव्याण्णव मेंढरांच्या वतीनं

५ मार्च, राखेचा बुधवार

धाकटे,

यंदाच्या उपवासकाळात काय सोडणार आहेस, असं तू मागच्या पत्रात विचारलंस आणि उत्तरही स्वतःच देऊन मोकळी झालीस. म्हणे, "ताई, राग सोड." अगं, चहातली साखर सोडते, संध्याकाळचा टीव्ही सोडते, म्हणशील तर केस विंचरायचं सोडते. पण राग सोडला तर सकाळी मला अंथरुणातून उठवणार कोण? या घरात तेवढा एकच धडधाकट उरलाय.

हे पत्र तुला आज मिळणार नाही, हे मला ठाऊक आहे. तुमच्या मठात उपवासकाळभर कुणाला पत्रं देत नाहीत. फाटकावरच्या सिस्टर ती टोपलीत टाकून ठेवतात आणि ईस्टरला सगळा गठ्ठा एकदम हातात देतात. म्हणजे मी आज आरडाओरडा करायचा आणि तू तो कधीतरी एप्रिलमध्ये, गाणी गाऊन झाल्यावर, निवांत वाचायचा. छान सोय केलीये तुम्ही. तरी मी लिहिणार, कारण ज्याच्यावर ओरडावं असं घरात दुसरं कुणी नाही. बाबांवर ओरडवत नाही.

बाबांचं उजवं अंग गेलं आणि वाचा गेली, हे तुला हिवाळ्यातच कळवलं होतं. जिना चढवत नाही म्हणून त्यांचा पलंग मी खाली, आपल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या वर्गात आणलाय. भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचे तक्ते आहेत तसेच आहेत. बाबा दिवसभर 'थांबा' आणि 'पुढे रस्ता बंद' बघत पडून असतात. शिकाऊ लोकांना नियम समजवायला मी आता त्यांना स्वयंपाकघरात बसवते. एकीकडे सूप उकळतंय आणि एकीकडे मी चौकात आधी कोणी जायचं ते सांगतेय, असं चाललंय.

डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलंय की दुसरा झटका येणार आणि तो बहुतेक शेवटचा असेल. बाबांना त्याआधी तुला बघायचंय. बोलता येत नाही, पण तुझा फोटो पुढे धरला की डावा हात दाराकडे करतात. त्यांचं एवढं एकच मागणं आहे. मी तुला लिहिलं, "ये." तू काय लिहिलंस? "ताई, मी प्रार्थना करते. तू वचन वाच. नुसती गोष्ट म्हणून वाचू नकोस, त्या गोष्टीत तू कुठे उभी आहेस ते शोध."

बरं बाई, शोधते. नाहीतरी रोज वाचावंच लागतं. जन्मभर चर्चमध्ये पुढे उभं राहून बायबलमधलं वचन वाचणारा माणूस, तो गप्प पडल्यावर घरात दुसरं कोण वाचणार? बाबा बोट ठेवतात तो उतारा मी वाचते. त्यांनी पंजा उघडला की परत वाचायचं, मूठ मिटली की पुरे.

आज चर्चमध्ये कपाळाला राख लावून घेतली आणि तशीच कामावर गेले. गाडी शिकायला एक सलूनवाला येतो. त्यानं खिशातून रुमाल काढला आणि म्हणाला, "मॅडम, कपाळाला ग्रीस लागलंय, पुसू का?" मी त्याला म्हटलं, तुम्ही समोर बघा.

ताई

१२ मार्च

धाकटे,

आज बाबांनी हरवलेल्या मेंढराच्या गोष्टीवर बोट ठेवलं. तुझी पद्धत वापरून वाचली. या गोष्टीत मी कुठे आहे ते शोधलं आणि लगेच सापडलं, डोक्याला ताण द्यावा लागला नाही. मी त्या नव्याण्णवांत आहे.

शंभरातलं एक मेंढरू हरवतं आणि मेंढपाळ बाकीच्यांना रानात सोडून त्याच्या मागे निघतो. ते सापडल्यावर खांद्यावर घेतो, शेजाऱ्यांना बोलावतो, आनंदीआनंद करतो. ठीक आहे. पण मधल्या वेळात त्या नव्याण्णवांचं काय झालं? त्यांना पाणी कुणी पाजलं? अंगावरच्या जखमांना माशा लागल्या असतील, त्या कुणी हाकलल्या? कुणी लिहून ठेवलेलं नाही. जी आपल्या जागेवर राहिली त्यांची गोष्ट होत नाही.

वाचून झालं आणि बाबांनी पंजा उघडला. मी परत वाचलं. परत पंजा. तेव्हा मात्र माझा तोल सुटला. म्हटलं, "बाबा, कळलं मला! तुमचं ते एक मेंढरू मठाच्या जाळीपलीकडे बसलंय आणि त्याला तिथं मस्त चारा मिळतोय. तुमच्या पाठीला फोड आलेत ते मी पुसते, तुम्हाला कुशीवर मी वळवते, आणि तुम्ही मला त्याचीच गोष्ट तीनतीनदा वाचायला लावता!" ते माझ्याकडे बघत राहिले. पंजा उघडाच होता. मी वाचलं. काय करणार?

तू घरातून गेलीस तेव्हा सगळ्यांनी मला म्हटलं होतं, नशीबवान आहात, घरातली एक मुलगी देवाला दिली. आम्ही दिली नव्हती. तू बॅग भरलीस आणि गेलीस. मला तू दोन दिवस आधी सांगितलंस, तेही भांडी घासताना, माझ्याकडे पाठ करून. मी म्हटलं, जा. काय म्हणायला हवं होतं? तेव्हापासून सगळं जग तुला सिस्टर म्हणतं आणि जिची तू खरी बहीण आहेस तिला वर्षातून चार ओळी येतात.

आज तरी माझ्या मनात क्षमा वगैरे काही नाही. शोधली, नाही सापडली.

ताई

२० मार्च

धाकटे,

सलूनवाला गाडी भर रस्त्यात सोडून निघून गेला. मीच घालवला. त्याला वळणावर क्लच सुटेना आणि मी म्हणाले, "हातात कात्री नसली की तुम्हाला काही जमतच नाही का?" तो उतरला, दार हळूच लावलं, आणि पायी चालू लागला. चांगला माणूस आहे. मागच्या गाड्या कोकलत होत्या. मी पलीकडे सरकून गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसले.

घरी आले तर बाबांचं बोट कुठे असावं? दोघी बहिणींच्या उताऱ्यावर. पाहुणा म्हणून प्रभू घरी आलाय, थोरली कामानं पिट्टा पडून वैतागलीये आणि धाकटी त्याच्या पायाशी बसून ऐकतेय. मी बाबांना विचारलं, "मुद्दाम करता ना?" त्यांचा अर्धा चेहरा हसला. उरलेला अर्धा आता हसत नाही.

आता माझं ऐक. हा उतारा आपल्या चर्चमध्ये दरवर्षी कुणी ना कुणी समजावून सांगतं आणि दरवर्षी थोरलीच्या डोक्यावर दगड पडतो. फार धावपळ करतेस, धाकटीनं चांगलं ते निवडलंय. हो का? सगळे पायाशी बसले असते तर पाहुणा उपाशी उठला असता! हे सांगणाऱ्यांना त्या दिवशी घरी जेवण कुणी वाढलं, ते विचारून बघ एकदा.

मी हे असं चरफडत वाचलं. पंजा उघडला. दुसऱ्यांदा वाचलं. परत पंजा. तिसऱ्यांदा वाचताना आवाजातला जोर संपला होता, नुसते शब्द उरले होते, आणि तेव्हा मला एक गोष्ट दिसली. इतकी वर्षं ऐकून कधी दिसली नव्हती. ती थोरली धाकटीशी बोलतच नाही. धाकटी समोर, हाताच्या अंतरावर बसलीये. "ऊठ गं, मला मदत कर," एवढं तिच्या तोंडावर म्हणायचं, तर ही पाहुण्याला सांगते, तुम्हीच सांगा तिला! बहिणीचं गाऱ्हाणं तिसऱ्याकडे.

मी वाचायची थांबले. बाबांनी मूठ मिटली.

आणि मी काय करतेय? रोज संध्याकाळी देवाला सांगते, तिला पाठव. डॉक्टरांना सांगते, शेजारच्या शिंपीणबाईंना सांगते, त्या सलूनवाल्यालाही सांगून झालंय. आणि तुला पत्रं लिहिते, जी तुला मिळणार नाहीत हे मला माहीत आहे. तोंडावर एकदाही नाही.

शिंपीणबाई रविवारी बाबांजवळ बसायला तयार आहेत. मी येतेय. भेटी बंद असल्या तर फाटकाशी उभी राहून हाका मारीन.

ताई

२४ मार्च

धाकटे,

काल जे झालं ते तुला माहीतच आहे. तरी लिहिते, म्हणजे ईस्टरला तुला माझ्या बाजूनंही वाचता येईल.

फाटकावरच्या सिस्टरांनी मला बघताच ओळखलं. म्हणाल्या, नाक सारखं आहे. गुडघा धरत धरत त्या मला भेटीच्या खोलीत घेऊन गेल्या. त्या खोलीला मेणाचा आणि धुतलेल्या फरशीचा वास आहे, रस्त्याकडे एक खिडकी आहे आणि मधोमध तुमची ती लाकडी जाळी. मी भांडायच्या तयारीनं आले होते. मला वाटलं होतं नियम सांगतील, मग मी मठाच्या मुख्य मदरना बोलवा म्हणेन, मग आवाज चढवेन. सगळं पाठ करून ठेवलं होतं. आणि त्या मलाच म्हणाल्या, "बरं झालं आलात. आता तुम्हीच समजवा तिला. मदरनी तर हिवाळ्यातच सांगितलंय, वडिलांना भेटून ये म्हणून. पत्रं हवीत का तेही विचारलं, अडचणीच्या वेळी देतो आम्ही. तर म्हणाली, नको, ईस्टरलाच वाचीन."

धाकटे, मी त्या खुर्चीवर कुणीतरी ढकलल्यासारखी बसले. हिवाळ्यातच! मी इथे नियमांना शिव्या देतेय, मठाला देतेय, देवाला देतेय, आणि दार तर उघडंच होतं.

तू आलीस. बारीक झालीयेस. मी पहिलं वाक्य काय बोलले ते मला आठवत नाही, तुझं आठवतं. तू म्हणालीस, "ताई, मला भीती वाटते."

"कशाची? बाबांची?"

"बाबांची नाही गं. घराची. एकदा त्या घरात पाऊल टाकलं, बाबांना तसं पाहिलं, तुला अशी पाहिली, की मी परत इथे येणारच नाही. मला माहितेय ना मी कशी आहे."

"मग नको येऊस परत! कोण मरतंय त्यावाचून?"

"बघ. हेच म्हणशील तू. आणि मी ऐकेन."

मी उठले आणि तडक बाहेर पडले. जाताना दार धाडकन आपटायचं होतं. पण तुमच्या दाराला ते हळू मिटायचं यंत्र बसवलंय, मी जोर लावला तरी ते सावकाशच गेलं. आपटताही येत नाही अशी दारं करून ठेवलीत! गाडीत बसून मी शिव्या दिल्या. तुला, आणि ते दार बसवणाऱ्यालाही.

तू मला वचन वाच म्हणून सांगतेस. तू वाचतेस का? दिवसातून सात वेळा प्रार्थनेला बसणारी माणसं तुम्ही, आणि बापाच्या अंथरुणाला घाबरता? तुला भीती वाटते. मला नाही वाटत? त्यांच्या घशात सूप अडकतं तेव्हा मला काय वाटतं, विचारलंस कधी? मला पळून जायला मठ नाही म्हणून मी शूर ठरत नाही.

आता लिहिणार नाही.

७ एप्रिल

लिहिणार नाही म्हटलं होतं. पण कळवायला हवं.

शुक्रवारी बाबांना दुसरा झटका आला. गेले नाहीत. डॉक्टर म्हणाले, आता दिवसांचा प्रश्न आहे. गिळता येतं, थोडं थोडं. पंजा उघडत नाही. मी वाचते आणि पान संपलं की त्यांच्या हाताकडे बघते. हात चादरीवर पडलेला असतो. मग परत वाचायचं की पुरे करायचं, ते माझं मलाच ठरवावं लागतं.

मंदिरात बाजार मांडणाऱ्यांची टेबलं प्रभूनं उलटून टाकली, तो उतारा मी माझ्यासाठी वाचला. फार बरं वाटलं. माझ्या रागाला निदान तिथे तरी जागा आहे. पण वाचता वाचता लक्षात आलं की तो टेबलं उलटून तिथून निघून नाही गेला. तिथेच थांबला, आणि आंधळे-पांगळे त्याच्याजवळ आले. मी मात्र टेबल उलटलं आणि गाडीत जाऊन बसले.

फाटकावरच्या सिस्टरांना फोन केला. त्यांनी तुला निरोप दिला, हेही त्यांनीच मला सांगितलं. म्हणाल्या, "ऐकलं, आणि प्रार्थनेला निघून गेली. जेवली नाही." मी म्हटलं, तिला पत्र लिहीन म्हणते, पण घेणार नाही ना ती? त्या म्हणाल्या, "पत्र हातात द्यायचं नाही असा नियम आहे, बाई. कुणी मोठ्यानं वाचून दाखवलं तर कान बंद करा असा नियम मी तरी इतक्या वर्षांत ऐकला नाही."

१५ एप्रिल, पवित्र आठवडा, मंगळवार

धाकटे,

हे पत्र मी सकाळी घरी लिहायला घेतलं, शेवट तुमच्या फाटकाबाहेर लिहितेय, आणि तुला ते ऐकू येईल तेव्हा मी भेटीच्या खोलीत उभी असेन. जाळीपलीकडे तू असशील असं सिस्टरांनी कबूल केलंय. पाठ फिरवून बसलीस तरी चालेल. मला तुझ्या पाठीशी बोलायची सवय आहे. फक्त संपेपर्यंत उठू नकोस.

मला अजून राग आहे. हे आधीच सांगते, म्हणजे मी पवित्र वगैरे होऊन आलेय असा तुझा गैरसमज नको. उपवासकाळ संपत आला आणि मी काहीच सोडलेलं नाही. साखरसुद्धा दुसऱ्याच आठवड्यात सुरू केली.

रविवारी चर्चमध्ये प्रभूच्या दुःखसहनाचं वाचन झालं. घरी येऊन त्याला पकडण्याआधीच्या रात्रीचा, बागेतला भाग मी बाबांना परत वाचून दाखवला. प्रभूला मरणाची भीती वाटतेय. तो मित्रांना म्हणतो, माझ्याजवळ जागे राहा. आणि ते झोपतात. तो येऊन उठवतो, ते परत झोपतात. इथे मी कुठे आहे ते आधी सांगते. मी जागी आहे आणि झोपलेल्यांवर दात-ओठ खातेय. तू कुठे आहेस तेही मला ठाऊक होतं. तू झोपलेल्यांत आहेस, झाडाखाली, डोळे गच्च मिटून.

बाबांचा पंजा आता उघडत नाही, म्हणून मीच परत वाचलं. ते झोपले कशानं? आळसानं नाही. तिथे लिहिलंय, दुःखानं. इतक्या दुःखात जागं राहणं त्यांना झेपलं नाही. म्हणून मिटले डोळे. आणि मला तू जाळीमागे दिसलीस, बारीक झालेली, "मला भीती वाटते" म्हणणारी. मी त्यावर काय केलं? दार आपटायला गेले.

तो काय करतो? शेवटच्या खेपेला येतो, त्यांना झोपलेलंच बघतो, दुखावतो, बोलतोही. पण त्यांना तिथेच टाकून एकटा पुढे जात नाही. म्हणतो, उठा, चला, जाऊ. ज्यांनी ऐन वेळी पाठ फिरवली त्यांनाच म्हणतो. मला ते अजिबात आवडलं नाही. मी असते तर टाकून गेले असते. पण वाचलंय आता, न वाचल्यासारखं करता येत नाही.

तर माझं म्हणणं तुझ्या तोंडावर सांगते, तिसऱ्या कुणाला नाही. मला तू हवी होतीस. बाबांसाठी म्हणून मी पत्रं लिहिली, ते खरंच होतं, पण आधी मला हवी होतीस. रात्री त्यांना कुशीवर वळवताना दुसऱ्या बाजूनं धरायला हवी होतीस. मी "जा" म्हटलं तेव्हा तू जरा वेळ थांबून "खरंच जाऊ का?" असं विचारायला हवं होतंस. एवढंच आहे. एवढ्यासाठी मी देवाच्या, मठाच्या आणि एका गरीब सलूनवाल्याच्या मागे लागले होते.

आता तुझ्या भीतीचं. भीतीतलं मला कळतं, तो माझा धंदा आहे. घाबरलेल्या माणसाला मी पहिल्या दिवशी हमरस्त्यावर नेत नाही. उभ्या गाडीत बसवते, इंजिन बंद. नुसतं बस म्हणते. तुला मी घरी चल म्हणत होते, म्हणजे पहिल्याच दिवशी हमरस्ता. चूक माझी नाही, तू आधी बोलायला हवं होतंस, पण ते राहू दे.

तुला घरी यायचं नाहीये. मी घरच इकडे आणलंय.

खिडकीतून बघ. फाटकासमोर माझी गाडी उभी आहे, डोक्यावर शिकाऊ गाडीची पाटी असलेली. मागच्या सीटवर बाबा आहेत, उशांवर टेकवून बसवलेले. डॉक्टर ओरडले. मी म्हटलं, ओरडा, पण आधी दुसऱ्या बाजूनं धरा. त्यांनी धरलं. पलीकडून शिंपीणबाई बाबांना सावरून बसल्या आहेत. गाडीची किल्ली मी फाटकावरच्या सिस्टरांना देणार आहे, त्यांच्या खिशात राहील. म्हणजे तू बसलीस आणि मी गाडी पळवली असं होणार नाही. मला मोह होईल, म्हणून आधीच देतेय. परत आत जायचं की नाही ते तुझं तू ठरव. मी त्यावर एक अक्षर बोलणार नाही. बोलले तर आत निघून जा.

फाटक ते गाडी, तेवढंच चालायचंय तुला. बाबांना आता कुणी ओळखू येतं की नाही, मला सांगता येत नाही. कदाचित तू दिसलीस तरी ते काही करणार नाहीत. हात उचलणार नाहीत. मी तुला उगाच आशा दाखवणार नाही. पण ते आलेत. तुला यायला भीती वाटते म्हणून एक मरणारा माणूस कपडे घालून तुझ्याकडे आलाय, धाकटे.

तुझ्या बाजूचं दार उघडं ठेवलंय. ऊठ, चल. मी पण येते.